एका इसमाने

मंगळवार, धुळे

आमच्या साप्ताहिकाच्या जुन्या फाइली आज चाळून संपल्या. संपादकांनी विशेषांकासाठी 'इसम' या शब्दावर लेख मागितला होता. दारू प्यालेला इसम, रेल्वेखाली सापडलेला इसम. ज्याचं नाव छापण्याजोगं असेल, तो मात्र गृहस्थ.

मग ती बातमी सापडली. सोनगीरला विहिरीत पडलेल्या प्रतिष्ठित गृहस्थांना एका इसमाने वर काढले. गृहस्थ म्हणजे आताच्या संपादकांचे वडील, पूर्ण नावानिशी. इसम म्हणजे माझे आजोबा. आबा शेवटपर्यंत विचारायचे, "पेपरमा मन्हं नाव काबर नही?"

मी म्हणायचो, जागा नसेल. का म्हणायचो असं?

दुपारी लेख पाठवला. तासाभरात संपादकांचा फोन.

"सर, 'सखाराम उखा बागुल यांनी विहिरीत पडलेल्या एका इसमाला वर काढले', असं लिहिलंय तुम्ही. ते आमचे वडील ना?"

"हो, भाऊ."

"मग त्यांचं नाव का नाही?"

"जागा नव्हती."

  

लेख बहुधा छापणार नाहीत. न छापोत. आबांचा प्रश्न आज त्यांना स्वतःच्या तोंडाने विचारावा लागला.