निघतानाचा डाव

घरच्या सरकारांना जरा भीतभीतच नमस्कार,

मी मजेत आहे. पाच डावांत तीन हरलो, पण जेवण वेळेवर मिळतं. धाकटीचा खोकला कसा आहे?

इथं बुद्धिबळाच्या स्पर्धेत एक पद्धत आहे. डाव संपला की ज्यानं हरवलं त्याच्याच समोर बसून तो पुन्हा मांडायचा आणि कुठं माशी शिंकली ते शोधायचं. काल दातांच्या एका डॉक्टरांनी मला हरवलं. मग तासभर बसलो. "इथं माझं चुकलं," असं मी अकरा वेळा म्हणालो. तुझा कानांवर विश्वास बसला नसता.

"घरीही इतकेच समजूतदार असता का हो?" डॉक्टरांनी विचारलं. मी मान खाली घालून घोडा पुसत बसलो.

खोलीवर आल्यावर निघतानाचं आपलं भांडण पहिल्यापासून मांडलं. नळ गळतोय, असं तू म्हणालीस, तोवर डाव बरोबरीत होता. "मग बोलाव तुझ्या हुशार भावाला," असं मी म्हणालो आणि तिथंच माझा वजीर गेला. इथं माझं चुकलं. दार तू जरा जास्तच जोरात आपटलंस, पण तोवर मी हरलोच होतो.

नळ मीच दुरुस्त करीन. बाकीचं आल्यावर समोरासमोर बसून मांडू. पांढऱ्या सोंगट्या तुझ्या, पहिली चाल तुझी.

तुझाच,
बारा वेळा चुकलेला