निळसर डाग

पुणे, ३ मार्च २०२५

ती. विठ्ठलमामांस अपेक्षाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. बाबांच्या वर्षश्राद्धाला आले, तेव्हा माझी छोटी डबी तुमच्या रेडिओच्या दुकानात विसरले. तीत नखाएवढी चिप आहे. तिच्यावर प्रकाशासाठी एक वाट कोरलीय, आणि वाटेवर तीन अणूंच्या जाडीचा पापुद्रा बसवलाय. वाट प्रकाश जराही सांडू देत नाही. पापुद्रा मात्र थोडा पितो आणि बदल्यात स्वतःच्या रंगाचा प्रकाश देतो. चिकटपट्टीने स्फटिक सोलून सोलून दीड वर्षात हा एकच नीट बसला. जूनमध्ये माझ्या संशोधनाची मुदत संपते. डबी लगेच पाठवाल ना?

तुमची माया आहेच, ती राहू द्या.
अपेक्षा

दारव्हा, ९ मार्च

चि. अपेक्षास विठ्ठलमामाचे पोटभर आशीर्वाद.

डबी आजच कुरिअरनं धाडली. तुमच्या प्रयोगशाळेत झाडूपोछा करत नाहीत का वं? भिंगाखाली पाह्यलं तर वाटेवर निळसर डाग! तीन अणूंचा पापुद्रा काही डोळ्याले दिसायचा नाही, म्हणजे हा चिकटपट्टीचाच गोंद. चाळीस वर्षांत पुसल्याबिगर वस्तू दुकानाबाहेर गेली नाही. कापसाले स्पिरिट लावून अलगद पुसला. जेवत जा. लय वाळली तू.

आमच्यावरचा जीव आटू देऊ नको.
विठ्ठलमामा

पुणे, १७ मार्च

ती. मामांस सा. न.

डबी सुखरूप पोचली. प्रकाश सोडून पाहिला. सगळा पार झाला, इतका स्वच्छ कधीच गेला नव्हता. तुमचा हात खरंच हलका. आता इथे कंटाळा आलाय. जूननंतर घरीच येईन म्हणते, दारव्ह्यात शिकवण्या घेईन. आईलाही कळवलंय.

तुमचीच,
अपेक्षा

दारव्हा, २४ मार्च

चि. अपेक्षास आशीर्वाद.

तुझं पत्र खुशीनं तीनदा वाचलं. मग पहिलं काढलं. पापुद्रा थोडा प्रकाश पिते, असं तूच लिहिलं होतं. मग सारा पार कसा झाला? प्यायले कोणी राह्यलंच नाही म्हणून. तो गोंद नव्हता, पोरी. दीड वर्ष मी एका बोळ्यानं पुसलं. अन् मले सांभाळाले तू डबीबद्दल खोटं बी लिहिलं नाही, निस्ता अर्थ झाकून ठेवला. काहून असं केलं? शिव्या द्यायच्या होत्या.

संगीता, तुझी माय, तू येतं म्हणून आळीभर पेढे वाटून राह्यली. मले दोन दिले. तिले काय सांगू? एक तोंडात धरून बसलो हाये, गिळवत नाही.

लोभ ठेव म्हणाले तोंड नाही. रागानं तरी लिहीत जाय.

तुझा
विठ्ठलमामा