रेडिएटरमधली हळद

रविवार, संध्याकाळ

उद्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनला साताऱ्याला न्यायचंय, आणि आजच आमची जुनी गाडी कुपवाडहून येताना तापली. कशीबशी घरी आणली. थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत पिवळं पाणी. मी तर हिरवं कूलंट भरलं होतं! मग पिवळं कुठून?

अण्णा म्हणाले, "गळतंय म्हनालीस न्हवं? मूठभर हळद टाकली. मिलिटरीत आमी असंच करायचो."

वडिलांना बाजूला करून मी गाडीखाली शिरले. गळती साधीच होती, खालच्या पाइपाची क्लिप सैल झालेली. ती बदलली, थेंब थांबला. पण हळदीनं चोंदलेला रेडिएटर धुता धुता दुपार गेली. पिवळं काही संपेना. माझं डोकं तापलेलं.

अण्णा मात्र ते पाणी ओंजळीत घेऊन निरखत होते. "रंग बघ की पोरी. आपल्या रानातली हाय."