दलदलीतून गेलेली सरळ रेघ

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार (गुडघा जितका वाकू देतो तितका). इकडे दोघांची तब्येत उत्तम आहे असं लिहिण्याचा रिवाज आहे, पण तुम्हांला खोटं लिहिलेलं चालत नाही म्हणून दोघांपैकी एकाची उत्तम आहे असं लिहितो. ती तुमची भाचेसून. तुमची कंबर कशी आहे? मामींनी कळवलं की डॉक्टरांनी दिलेले व्यायाम तुम्ही करत नाही, उलट ते कसे चुकीचे आहेत हे डॉक्टरांना कागदावर आकृती काढून समजावता. मामा, तुम्ही आयुष्यभर जमीन मोजलीत, ती मोजून घेताना गप्प पडून राहायची. तसंच डॉक्टरांसमोर तुम्ही पडून राहावं अशी विनंती.

पत्राला सात महिने उशीर झाला. कारणं पुष्कळ आहेत, पण ती सगळी माझ्या आळसाची वेगवेगळी नावं आहेत, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो. मुद्दा आभाराचा आहे. आमची नकाशांची कचेरी बंद पडली तेव्हा मी घरात बसून भिंतीवरच्या भेगांचा नकाशा मनात काढत होतो, आणि तुमच्या भाचेसुनेनं मला आठवड्यातून तीनदा कपाटं आवरायला लावली होती. अशा वेळी तुम्ही वर्तमानपत्रातली जाहिरात कापून पाठवलीत आणि वर इथल्या आदिवासी भूमी समितीला परस्पर पत्र टाकलंत. ते पत्र मी इथल्या फाइलीत वाचलं. 'माझा भाचा संगणकावर नकाशे करतो. कामाला चोख आहे. वाद फार घालतो.' शेवटच्या वाक्याखाली कुणीतरी लाल पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या आहेत. तरीही त्यांनी मला ठेवलं, यात तुमच्या शब्दाचं वजन आणि त्यांच्या मनाचा मोठेपणा दोन्ही आले.

काम असं होतं. या जमातीच्या ताब्यात डोंगराचा एक उतार, खालचं रान आणि त्याखालचा सखल भाग आहे. कुठे कोण काय करतं, हद्द कुठे संपते, पाणी कुठून येतं, हे आजवर म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आणि समितीच्या कपाटातल्या एकवीस वह्यांत होतं. हे सगळं नकाशासकट संगणकात कसं ठेवायचं याचा आराखडा मी करायचा होता. त्याला जीआयएस म्हणतात. (तुम्ही ट्रेसिंगचे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचात, तेच. फक्त खिडकी महाग झाली आहे.) मी आल्या आल्या पंधरा दिवसांत चाळीस पानांचा आराखडा केला. एकदाही कचेरीबाहेर न जाता केला, हे तेव्हा मला अभिमानाचं वाटत होतं.

तो वाचून दाखवायला बैठक बोलावली. खोली लहान, टेबल लांब, एक खिडकी कधीच बंद न होणारी. प्रोजेक्टर उंच व्हावा म्हणून त्याखाली त्याच एकवीस वह्या रचल्या होत्या, म्हणजे ज्यांना निवृत्त करायचं त्यांच्याच डोक्यावर बसून मी भाषण केलं. समितीच्या अध्यक्षबाई समोर बसल्या होत्या. पासष्टीच्या आसपास, आवाज हळू, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांच्या शेजारी समितीचे दफ्तरदार. हे इतके सडपातळ आहेत आणि प्रत्येक कागदाला जातीनं टाचणी लावतात, म्हणून सगळे त्यांना टाचणीच म्हणतात, आणि तेही हाकेला ओ देतात. मी उपग्रहानं काढलेलं भलंमोठं छायाचित्र भिंतीवर टाकलं. बाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "हे कोणत्या महिन्यातलं?"

मी म्हणालो, महिना महत्त्वाचा नाही, जमीन बाराही महिने तीच असते. मामा, या वाक्यावर कुणीही हसलं नाही. त्या खोलीतल्या लोकांबद्दलचा माझा आदर तिथून सुरू होतो, अर्थात मला ते कळायला अजून एक दिवस लागायचा होता.

मग आला रकान्यांचा घोळ. माझ्या प्रणालीत जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला 'मालक' नावाचा एक रकाना होता आणि त्यात एकच नाव बसत होतं. टाचणीनं पहिलाच तुकडा सांगितला. तिथल्या झाडांवरचा मध एका घराचा. त्याच झाडांखालचा पालापाचोळा दुसऱ्या घराचा. गवत उन्हाळ्यात सगळ्यांच्या गुरांचं, आणि फुलोऱ्याच्या दोन महिन्यांत कुणाचंच नाही, तेव्हा तिथे पाय ठेवायचा नाही. मी सगळी नावं टाकली, संगणकानं लाल अक्षरांत नापास केलं. मी समितीला समजुतीच्या सुरात सांगितलं की आपण आपसांत बसून एक नाव नक्की करावं. बाई म्हणाल्या, "यंत्राला एकच नाव लक्षात राहतं, म्हणून आम्ही बाकीच्यांना घरी पाठवायचं का?" मी वाद घातला. (फाइलीत तशी आगाऊ सूचना होतीच.) वादात मी असंही म्हणालो की सखल भागातल्या त्या हिरव्या पट्ट्याचं बघा, तिथे कसली अडचण नाही, तिथे काहीच नाही, मी त्यावर 'मोकळी जागा' असं लिहूनसुद्धा टाकलं आहे. बाई म्हणाल्या, "उद्या बघून या एकदा." इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि टाचणी निघालो. माझ्या हातात जीपीएसचं यंत्र, टाचणीच्या हातात काठी. हिरवा पट्टा समोर आला तो इतका सपाट आणि गुळगुळीत, की मला वाटलं इथे खुर्च्या मांडून बैठक घ्यावी. टाचणी म्हणाला, कडेनं चला. यंत्र म्हणालं, सरळ. मी यंत्राचं ऐकलं. पहिली पाच पावलं बरी गेली. सहावं पाऊल खाली गेलं ते जातच राहिलं, आणि सातव्याचा प्रश्नच आला नाही. लव्हाळ्याखाली सगळा चिखल होता. मी कमरेपर्यंत आत गेलो आणि धडपडीत गुडघा कुठल्याशा मुळावर आपटला, आणि त्याच वेळी यंत्रानं गोड आवाजात कळवलं की आपण इच्छित स्थळी पोहोचला आहात.

मामा, हसा, पण मी तेव्हा खरोखर घाबरलो होतो. हलावं तसा अजून खाली जात होतो. टाचणी काठावरून शांतपणे म्हणाला, "हलू नका. खाटेवर पडतात तसे मागे पडा आणि आभाळाकडे बघत राहा. मी आलोच." आणि गेला. मी आभाळाकडे बघत राहिलो. पाणी कानात आलं. या वयात, असल्या कारणानं मेलो तर भाचेसुनेला कुणी आणि काय म्हणून कळवायचं, हाच विचार डोक्यात होता. पाव तासानं पाच बायका आल्या. लव्हाळं कापायला त्या रोजच तिथे येतात, बाईही त्यांच्यात होत्या. त्यांनी लव्हाळ्याच्या पेंढ्या चिखलावर अंथरून वाट केली, माझ्या काखेखाली दोर घातला आणि मला एखादं जड कपाट जिन्यावरून उतरवावं तसं, एकमेकींना सूचना देत, बाहेर काढलं. एक बूट आतच राहिला. एकीनं घरून कोरडं पांघरूण आणलं, दुसरीनं गरम पाणी पाजलं. मी थरथरत बसलो होतो तेव्हा बाईंनी माझी चिखलातून वाचलेली वही माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "आता लिहा. काय आहे इथे?"

दुपारपर्यंत मी लिहीत होतो. या दलदलीच्या लव्हाळ्यावर नऊ घरं चटया विणून जगतात. खालच्या दोन वस्त्यांच्या विहिरी इथल्या मुरलेल्या पाण्यावर भरतात. तिला त्यांच्या बोलीत एक नाव आहे, त्याचा अर्थ 'पाय विचारून ठेव' असा होतो, म्हणजे मी वाचायला हवी होती ती पाटी त्या नावातच लावलेली होती. वरच्या काठावर तान्ह्या मुलांची थडगी आहेत. ती सांगताना त्यांतल्या एकीचा आवाज बदलला, तिचं एक तिथे आहे. बाईंनी विचारलं, "तुमच्या नकाशात हे कोणकोणाला दिसणार?" मी चाळीस पानांत मोठ्या दिमाखानं लिहिलं होतं, सर्वांना. त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. वाद न घालता गप्प बसण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग असावा, टाचणीला साक्षीला ठेवलं आहे.

ती चाळीस पानं मी फाडली. नवा आराखडा अकरा पानांचा आहे आणि त्यातली निम्मी टाचणीनं सांगितलेली आहेत. 'मालक' रकाना गेला. त्या जागी कोण, काय आणि कोणत्या महिन्यात असे तीन आले, आणि हवी तितकी नावं बसतात. प्रत्येक जागेचं बोलीतलं नाव अर्थासकट. थडग्यांचा थर वेगळा, कुलूपबंद. समितीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून उघडला तरच उघडतो, मलासुद्धा उघडत नाही. आणि सगळी माहिती समितीच्याच संगणकात, समितीच्याच खोलीत. एकवीस वह्या कपाटात परत मानानं ठेवल्या. दर शुक्रवारी त्या पाच जणी कचेरीत येतात आणि पडद्यावर बोट ठेवून माझ्या चुका काढतात. मामा, इतकी वर्षं मी नकाशे विकले, पण माझा नकाशा कुणी वाचून त्यावर भांडलेलं इथेच पहिल्यांदा पाहिलं. हे सगळं तुमच्यामुळे. तुम्ही ते पत्र टाकलं नसतंत तर मी आजही कपाटं आवरत बसलो असतो. तुमचे उपकार मानायला शब्द कमी आहेत, म्हणून पानं जास्त भरली.

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो. एका दगडखाणवाल्यानं अर्धी दलदल आणि तिच्यावरचा उतार मागितला आहे, ती जागा जमातीच्या हद्दीबाहेर आणि रिकामी आहे असं सांगून. गेल्या मंगळवारी सुनावणी झाली. आमचा नकाशा भिंतीवर लावला, महिन्यांसकट. अधिकारी सज्जन होते, उठून जवळ जाऊन त्यांनी तो नीट पाहिला. मग खाणवाल्याच्या वकिलानं चाळीस वर्षांपूर्वीचा सरकारी नकाशा काढला. त्यात हद्दीची रेघ दलदलीच्या मधोमध गेली आहे, पट्टीनं मारल्यासारखी सरळ, आणि विहिरींचं पाणी, थडगी, अर्धं लव्हाळं पलीकडे पडलं आहे. अधिकारी म्हणाले, तुमचा नकाशा मला पटतो, पण या कागदावर सही आणि शिक्का आहे. ज्यानं ही रेघ मारली त्यानंच जर सांगितलं की इथे प्रत्यक्ष मोजणी झाली नव्हती, तर मी फेरमोजणीचा आदेश देऊ शकतो. पुढची तारीख येत्या महिन्याची अठरा आहे.

मामींना नमस्कार. कंबर सांभाळा.

आपला, एका बुटाचा भाचा

ता. क. भाचेसुनेनं हे पत्र वाचलं. ती म्हणते, चिखलात तू कमरेपर्यंत नव्हे, मांडीपर्यंत गेला होतास, कपडे मी धुतले आहेत. टाचणी म्हणतो, गुडघ्याच्या वर एक वीत. मी दोघांची नोंद केली आहे.

ता. क. दुसरा. मामा, हे वर लिहायचं धाडस झालं नाही. त्या जुन्या नकाशावरची सही मी ओळखली. माझ्या प्रगतिपुस्तकावर (बाबांना दाखवण्यासारखे गुण नसल्यामुळे) ती सही तुम्ही पाच वर्षं केलीत, शेवटच्या अक्षराची शेपटी आजही तशीच मागे वळते. तुम्ही अठरा तारखेला इथे यावं आणि अधिकाऱ्यांसमोर खरं काय झालं ते सांगावं. एवढंच मागायचं होतं. गाडीत कमरेला टेकायला उशी मिळेल, मी न्यायला येतो.

ता. क. तिसरा. पत्र बंद करण्याआधी मी बाईंकडे गेलो आणि कुणाची सही आहे ते सांगून टाकलं. फाइलीतल्या तुमच्या पत्रावरून त्यांना आधीपासून माहीत होतं. त्या तेव्हा पंचविशीच्या होत्या, तुमच्या मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं. म्हणाल्या, त्या वर्षी पाणी छातीभर होतं आणि मोजणीदाराला ताप होता, आम्हीच त्यांना काठावर बसवलं, तेव्हा त्यांनी रेघ तिथूनच मारली. मी विचारलं, मग इतके महिने मला सांगितलं का नाही? तर म्हणाल्या, "तुम्ही भाचे आहात. तुम्हांला कशाला सांगायचं?" मग मला थांबवून एक निरोप दिला, तो जसाच्या तसा लिहितो: त्यांना कळवा, आमचा राग नाही. काठानं पक्की पायवाट झाली आहे. या वेळी हळूहळू चालू, दुसरं टोक मीच धरीन.