एका दिव्याचं घर

तीर्थस्वरूप ताई,

आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, थंड पाण्याच्या अंघोळीने दात वाजत असले तरी खणखणीत, नमस्कार. आपली कंबर आता कशी आहे? नऊ दिवसांपूर्वी रागावून आपल्याकडे आलेल्या मायलेकी नीट जेवतात ना? इकडे मी आणि वडील मजेत आहोत. तिने आपल्याला एक बाजू सांगितलीच असेल; इतिहासाला दुसरीही लागते, म्हणून हा पत्रप्रपंच.

त्याचं असं झालं, की वाचनालयात माझं वीजबचतीवर भाषण होतं. ‘पृथ्वी तापते आहे आणि आपण पाणी तापवत बसलो आहोत!’ या वाक्याला तर मागच्या रांगेतल्या झोपलेल्यांनीही टाळ्या वाजवल्या. आता जगाला सांगायचं आणि घरी गीझर लावायचा, हे माझ्या रक्तात नाही. त्याच संध्याकाळी मी गीझर बंद केला, इस्त्री माळ्यावर टाकली (कपडे वडिलांच्या गादीखाली ठेवले, वडील कुशीवर झोपतात, त्यामुळे सदऱ्याची एकच बाजू कडक होते) आणि पाचपैकी चार खोल्यांतले दिवे काढून ट्रंकेत कुलूपबंद केले. सगळ्यांनी एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली बसायचं. किती सोपं!

पण ताई, दिवा एक असला तरी माणसं चार. लेकीची परीक्षा, वडिलांचा रेडिओ, हिचं शिवणकाम (मशीनची मोटर मी काढली होती, पायांना व्यायाम) आणि माझ्या पुढच्या भाषणाचा सराव, सगळं सहा हातांच्या अंतरात. वडिलांनी मात्र मला मनापासून साथ दिली. मी उभा राहिलो, की ते कानातलं यंत्र काढून ठेवत. म्हणत, ‘सेल वाचतो.’

पाचव्या दिवशी मी आवेशात मूठ आपटली आणि टेबल हललं. पण खरा घोटाळा आधीच झाला होता. माझं ऐकता ऐकता हिने पोस्टमास्तरांच्या कोटाला तीन बाह्या लावल्या होत्या. ही म्हणाली, ‘एक तर दिवा बंद करा, नाहीतर तोंड!’ मी शांतपणे निदर्शनास आणलं, की तोंडाला वीज लागत नाही. त्यावर ही म्हणाली, ‘म्हणूनच तर ते बंद होत नाही.’ आणि तो एकमेव बल्ब काढून, रुमालात गुंडाळून, पर्समध्ये घालून लेकीसह निघून गेली. ट्रंकेची किल्ली शोधायला मला अंधारात दीड तास लागला.

तरीही तत्त्वाशी तडजोड नाही, हे तिला ठणकावून सांगावं. माणसं निघून गेली तरी विचार घर सोडत नाही.

आपला,
तत्त्वनिष्ठ मेहुणा

ता. क. मोटर मशीनला परत बसवली आहे. तिसरी बाही मीच उसवली. (सोबत थोडा कोटही उसवला. तो शिवायला जाणकार माणूस हवं.)

ता. ता. क. भाषणाचा सराव यापुढे गच्चीवर करीन. तिला तेवढं पाठवून द्या, ताई. बल्ब नाही आणला तरी चालेल.

ता. ता. ता. क. काल मीटर पाहिला. चौघं होतो तेव्हापेक्षा तो आता जोरात पळतो आहे. तिन्हीसांजेला रिकाम्या खोल्या काळोख्या बघवत नाहीत, म्हणून ट्रंकेतले चारही दिवे लावून, सगळे चालू ठेवून बसतो. हे तिला मुळीच सांगू नका.

(सांगा.)