बाबांचा एकच शब्द

सातारा,
१२ फेब्रुवारी १९९६

प्रिय शरयू,

प्रभूमध्ये तुला आणि शमुवेलरावांना सलाम. बाबा बरे आहेत, हे आधी लिहिते, नाहीतर पत्र हातात घेऊनच तू घाबरशील. दुपारचं जेवून ते अंगणात उन्हाला बसलेत. मांडीवर तू विणलेली शाल आहे. मी त्यांच्यासाठी नवी आणली होती, ती त्यांनी दोनदा खाली टाकली. तुझे दाजी उद्या सकाळी चर्चच्या मंडळीच्या कामाला सांगलीला निघालेत, त्यांच्याच हाती हे पत्र देते. तुझ्या शेजारच्यांचा फोन आज लागतच नाही, आणि लागला असता तरी हे मला फोनवर बोलता आलं नसतं.

मला तुझा हेवा वाटतो, शरयू. लहानपणी तुझ्या रिबिनींचा वाटायचा तसला नव्हे. तुझ्या देवाकडच्या मागण्याचा वाटतो. मी पाळकाची बायको. बायकांची प्रार्थनासभा इतकी वर्षं मी चालवते, माझी प्रार्थना ऐकून बायका डोळ्यांना पदर लावतात. आणि मागच्या महिन्यात मेढ्याकडच्या बनुबाई सभा संपल्यावर माझ्याजवळ आल्या. बाबांच्या आजारपणाची आणि तुझ्या मागण्याची हकीकत दाजींनी उपदेशात सांगितली होती, ती त्यांच्या मनात राहिली असावी. म्हणाल्या, "आवं बाई, तुमची धाकटी भन सांगलीला हाय न्हवं? तिला कळवा की, माझ्या लेकीसाठी मागाय. ती लय नेटानं मागती म्हनं." मी हसून हो म्हटलं. घरी येऊन भाकरीचं पीठ असं मळलं की तुझे दाजी स्वयंपाकघरात डोकावून गुपचूप परत गेले. तुला मी कळवलं नाहीच. आता कळवते. त्यांच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलंय, आधीची दोन गेली आहेत. तिच्यासाठी माग.

दीड वर्षापूर्वी तुमच्या माधवनगरच्या चर्चमध्ये बाबा पेटीवर गीत गाता गाता थांबले आणि कलंडले, तेव्हा मी इथून धावत आले होते. मिरजेच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. हातपाय हळूहळू चालतील म्हणाले, पण वाचेचं काही सांगता येत नाही म्हणाले. ज्या आवाजानं शाळेतली पोरं चळाचळा कापायची आणि रविवारी सगळं चर्च गायचं, ते बाबा माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवत होते. त्या संध्याकाळी आपण दोघींनी त्यांच्या खाटेपाशी प्रार्थना केली. माझी फार सुरेख झाली. बाबांच्या सेवेबद्दल आभार मानले, तुझी इच्छा असेल तर त्यांना वाचा दे म्हटलं, नसेल तर आम्हांला सोसायचं बळ दे म्हटलं. मग तू डोळे मिटलेस. "बापा, बाबांना बोलतं कर. आमेन." संपलं. मला तुझी लाज वाटली. वाटलं, ही देवाकडे मागतेय की वाण्याकडे साखर मागतेय!

पण परत येताना एसटीत माझं मलाच उमगत गेलं. माझ्या प्रार्थनेत नम्रता कमी आणि सोय जास्त होती. वाचा आली नाहीच, तर देवाला आणि मला, दोघांनाही तोंड लपवायची पाळी येऊ नये अशी सोय. वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभूनं बागेत 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हटलं, ते मनातलं सगळं मागून झाल्यावर. मी मागायच्या आधीच म्हणून मोकळी होत होते.

तू मात्र रोज संध्याकाळी तेच मागत राहिलीस. त्या वर्षी नाताळात आले तेव्हा मी तुझ्याशी भांडलेच. बाबांच्या कानावर रोज हे घालून त्यांना खोटी आशा लावू नकोस, म्हटलं. तुला कधी शंका तरी येत नाही का, म्हणून विचारलं. तू मेथी निवडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "येते की. पण मी काय तिला विचारून मागते होय?" आणि मेथी निवडत राहिलीस.

मग गेल्या वर्षी ईस्टरच्या तोंडावर तुझा फोन. बाबा बोलले! आणि पहिला शब्द काय, तर 'अक्का'. शरयू, मला तो खरा वाटला नाही. मला बरं वाटावं म्हणून तू रचून सांगतेस असं वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी पहिली गाडी पकडली. इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तोवर माझा विश्वास बसला होता, आणि त्याच्याबरोबर गर्वही. घास तू भरवलेस, कपडे तू बदललेस, मागितलंस तू, पण जिभेवर नाव आलं ते माझं. दारातून आत आले. बाबा माझ्याकडे बघून हसले, "अक्का" म्हणाले. मी रडायला लागले. तेवढ्यात त्यांनी पाण्याच्या तांब्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "अक्का." खिडकी उघडायची होती, "अक्का." शमुवेलराव गिरणीतून आले, तेही "अक्का." शेजारच्यांची मांजरसुद्धा अक्का! तुझ्या हसण्याला खळ नव्हता. आणि बाबांनी तुला "अक्का" म्हणून हाक मारली की तू "ओ" देऊन उठत होतीस, जणू तुझं नाव कधी दुसरं नव्हतंच. एवढं सगळं करून तुझ्या वाट्याला स्वतःचं नावही आलं नाही, आणि तू त्या एका शब्दाबद्दल देवाचे आभार मानत होतीस. मला आनंद व्हायला हवा होता. मला झाला हेवा.

या नाताळानंतर मी हट्टानं बाबांना साताऱ्याला आणलं. शरयूला जरा विसावा मिळू दे, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. दुसरा शब्द माझ्या घरात, माझ्या प्रार्थनेनं यावा, एवढंच मला हवं होतं. रोज तसंच मागत होते. एका सकाळी बाबा काठी टेकत फाटकापाशी गेले आणि रस्त्याकडे बघून "अक्का, अक्का" करायला लागले. मी त्यांचा दंड धरून शेजारीच उभी होते. "बाबा, मी आहे ना इथं," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा रस्त्याकडे बघून "अक्का!" तेव्हा मला कळलं की ते माझं नाव घेऊन तुला शोधतायत. त्यांना हवी ती तू, आणि तुला हाक मारायला त्यांच्याकडे शब्दच नाही.

त्या दिवसापासून मी मागणं बदललं. बापा, बाबांना शरयू म्हणता येऊ दे. बस. पुढे शेपूट लावलं नाही, सोसायचं बळ मागितलं नाही. सोपं नव्हतं, बाई. पहिले काही दिवस जीभ जड व्हायची. शंका तर रोज यायची, माझ्याही आधी येऊन बसायची. हे वय, हा आजार, डॉक्टरांचं ते बोलणं, सगळं कानाशी सांगायची. मी तिला सांगू दिलं आणि माझं मागणं चालू ठेवलं. दाजींनाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

आज दुपारी ताट वाढलं. बाबांनी ते बाजूला सारलं, दाराकडे पाहिलं आणि काहीतरी बोलले. मला वाटलं, भास झाला. "काय म्हणालात, बाबा?" म्हटलं. ते वैतागले. शाळेत ढ पोराला सांगायचे ना, तसे एकेक अक्षर सोडवून म्हणाले, "श... र... यू." मग सलग, "शरयू कुठं?" खरं लिहू? आधी पुन्हा हेवाच वाटला. मागितलं मी, आणि नाव तुझं! आणि त्याच क्षणी असं रडू फुटलं की दाजी प्रार्थनेच्या खोलीतून धावत आले. बाबा माझ्याकडे बघत होते. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अक्का." मांजरीला म्हणायचे तसं नव्हे, शरयू. मला. हे पत्र त्यासाठीच आहे. दाजींना मी बजावलंय की तुला तोंडानं काही सांगायचं नाही, नुसतं पत्र द्यायचं आणि येताना तुला बरोबर घेऊन यायचं. दुपारपासून बाबांनी तीनदा तुझी चौकशी केली आहे, आणि मी तीनही वेळा सांगितलंय, उद्या संध्याकाळी येतेय ती. तू येशीलच, असं धरूनच सांगितलंय.

तुझीच,
आणि आजपासून या घरातली एकुलती एक,
अक्का