नखातला लाल रंग

बाबा, काल तुमचा जुना ब्रश पेटीतून काढला. केस कडक झाले होते, पण रॉकेलात भिजवल्यावर कामापुरते मऊ झाले. कशाला काढला ते सांगते, पण आधी तुमचीच गोष्ट, त्याशिवाय माझी कळायची नाही.

तुम्ही चंद्रपूरच्या कारखान्यात पेंटर. यंत्रांवर आकडे घालायचे, भिंतींवर सूचना लिहायच्या. कॅन्टीनमध्ये आपल्या बौद्ध कामगारांचे पेले वेगळे असत, बुडाला लाल ठिपका दिलेले. एका दुपारी तुम्ही सगळ्याच पेल्यांना ठिपके दिलेत, अगदी साहेबांच्यासुद्धा! चहाच्या वेळी नुसता गोंधळ. कोणी केलं, असं विचारल्याबरोबर तुमचा हात वर. मग कंपनीने नवे, बिनठिपक्याचे पेले आणले आणि 'येथे सर्व समान' असा फलक रंगवायचा हुकूम काढला, तोही तुम्हालाच. मी चिडले होते. तुम्ही मात्र जेवता जेवता हसताय. "बोर्ड का, कोनीबी लिवते व बाई. पेले एक झाले का नाई, ते पाह्य."

आता मी एका कोळसा खाणीच्या कचेरीत आहे, सामाजिक उपक्रमांचं काम पाहते. गेल्या वर्षी आमच्याकडे पहिल्यांदा बायका डंपर चालवायला लागल्या. लगेच त्यांच्यातल्या एकीचा भलामोठा फोटो फाटकावर लागला, हेल्मेट घालून हसतानाचा. 'स्टिअरिंग तिच्या हाती' ही ओळ माझीच, आणि मी त्यावर खूशही होते. खाली खाणीत मात्र बायकांसाठी संडास नाही. आपल्याकडच्या उन्हात त्या पोरी कामाचे आठ तास पाणी पीत नाहीत. कंपनीच्या अहवालात 'महिलांसाठी सोय उपलब्ध' असं छापलं होतं आणि त्याखाली सही माझी होती. यंदा पुन्हा फोटोसाठी गेले तर फोटोतली तीच म्हणाली, "म्याडम, काढा ना फोटो, हासतो बी. पन जाऊ कुठी, ते सांगा ना." बाबा, मला त्या वेळी तुमचा पेला आठवला आणि फार लाज वाटली.

कचेरीशेजारी साहेबांचा एक स्वच्छ संडास आहे. दिवसभर कुलूप, चावी माझ्या टेबलाच्या उघड्या खणात, कोणीही घ्यावी अशी. आज जेवणाच्या सुट्टीत मी कुलूप काढलं आणि दारावर लाल रंगात लिहिलं, 'महिला कामगारांसाठी'. अक्षर तुमच्यासारखं काही आलं नाही, शेवटी शेवटी तर घसरलंच. तरी दुपारच्या पाळीच्या बायका येऊन गेल्या, एक जण नळाखाली तोंड धुऊन पोटभर पाणी प्यायली. मोठे साहेब तापलेत. प्रसिद्धीवाल्याने मात्र दाराचा फोटो काढून ठेवलाय, पुढच्या फलकाला होईल म्हणे. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता.

उद्या बैठकीत विचारतील, कोणी केलं. तुमचा हात लगेच वर गेला होता. माझा जाईलच, असं आत्ता सांगवत नाही. हे पत्र तुमच्या पेटीत, ब्रशाखाली ठेवते. नखातला रंग रॉकेलने निघतो, हे तुम्हीच शिकवलंत. बाटली समोर आहे. पण मी नख तसंच ठेवलंय, बाबा. तोंड उघडलं नाही, तर निदान कोणाला दिसेल तरी.